जुन्या वाइड-अँगल लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर वापरताना

टॅम्रॉनच्या अ‍ॅडॅप्टॉल-२ मालिकेतील २४ मिमी एफ/२.५ सारख्या, कॅमेरा कंपनीव्यतिरिक्त इतरांनी बनवलेल्या फिल्मच्या काळातील लेन्स आजही उत्तम काम देतात. मात्र त्यांचा निकाल लेन्सइतकाच अडॅप्टरवर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावर, अवलंबून असतो. उदाहरणार्थ, निकॉन एफ माउंटपासून (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी, तर सोनी ई माउंटपासून सेन्सरपर्यंतचे १८ मिमी आहे. मधले २८.५ मिमी अडॅप्टर भरून काढतो, त्यामुळे त्यात वेगळी काच लागत नाही.

वाइड-अँगल लेन्सला या जाडीतील किरकोळ चूकही सोसत नाही. अडॅप्टर केवळ ०.१ मिमी जास्त जाड असला, तर २४ मिमीच्या लेन्सला साधारण पावणेसहा मीटरच्या पलीकडे नेमका फोकस मिळत नाही; १३५ मिमीच्या लेन्सची हीच मर्यादा सुमारे १८० मीटरवर येते. म्हणून स्वस्त अडॅप्टर बहुधा मुद्दामच थोडे कमी जाडीचे बनवतात. तसे असल्यास अनंताच्या खुणेआधीच दूरचे दृश्य स्पष्ट होते, आणि लेन्सवरील अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

अडॅप्टर हाती येताच कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि दूरच्या मनोऱ्यावर, दृश्य मोठे करून, फोकस करावा. रिंग शेवटपर्यंत फिरवूनही मनोरा धूसरच राहिला, तर अडॅप्टर बिनदिक्कत परत करावा. त्यानंतर चारही कोपरे पाहावेत. एकच बाजू अस्पष्ट दिसत असेल, तर त्याच अडॅप्टरवर दुसरी लेन्स लावून दोष नेमका कशात आहे ते ठरवावे.

अशी लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, म्हणून त्यात ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय सुरू करावी लागते. कॅमेऱ्याच्या बॉडीतच हात हलल्याने येणारा धूसरपणा टाळणारे स्थिरीकरण असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये लेन्सवर छापलेलीच फोकल लांबी भरावी. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, असला तरी दीडपट करून २४ चे ३६ करू नयेत. फोकसमधल्या कडा रंगाने उजळून दाखवणाऱ्या ‘फोकस पीकिंग’वर मी वाइड लेन्सच्या बाबतीत भरवसा ठेवत नाही, कारण त्यात खूप मोठा भाग एकदमच चमकू लागतो. दृश्य मोठे करून पाहणेच खात्रीचे.

निसर्गचित्रणासाठी एफ/८ ते एफ/११ ठेवावे, म्हणजे कोपरे बरेच सुधारतात. जुने कोटिंग प्रखर उजेडापुढे कमी पडते, तेव्हा सूर्य चौकटीच्या अगदी कडेला असताना हूडपेक्षा हाताची सावली अधिक उपयोगी पडते. फक्त बोटे चौकटीत येत नाहीत ना, हे पाहावे.