घरी गाडी धुताय? या चुका टाळा, आणि आधी ते कोरडं फडकं खाली ठेवा

गडद रंगाची एखादी गाडी रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी असेल, तर तिच्या बोनेटकडे जरा निरखून पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांचं गोल जाळं दिसेल. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी बारकाईने साफ-पॉलिश करून देणारे, त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. ते ना खड्ड्यांनी पडतात, ना उन्हाने. जवळजवळ सगळेच पुसताना पडतात, म्हणजे आपल्याच हाताने किंवा महिन्याचे पैसे देऊन ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने.

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते काचेवरही चरा पाडू शकतात, मग या थराची काय कथा. तो कण नुसता बसून असतो तोवर काहीच बिघडवत नाही. आपण फडकं घेऊन तो दाबतो आणि फिरवतो, तेव्हा बिघडतं. घरी गाडी धुण्यातल्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात.

रोजचं पुसणं

सोसायटीत सकाळी सहाला जे दादा येतात, त्यांच्याकडे एक बादली, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या असतात. पहिल्या गाडीचा कच दुसऱ्या गाडीच्या टपावर, दुसरीचा तिसरीच्या दारावर. शेवटच्या गाडीपर्यंत बादलीत पाणी कमी आणि गाळच जास्त. यात त्यांचा दोष काहीच नाही. एका गाडीमागे जे पैसे मिळतात त्यात पाच मिनिटांच्या वर वेळ देणं त्यांना परवडत नाही.

आमच्याकडे हा संवाद झाला तो असा. "दादा, उद्यापासून फक्त काचा आणि आतले मॅट. बोनेट, दारं, टप यांना हात नाही लावायचा." ते घुटमळले. "साहेब, मग वॉचमन म्हणणार मी कामच करत नाही." मुद्दा बरोबर होता. पैसे तेवढेच ठेवले, काचांसाठी वेगळं फडकं दिलं आणि वॉचमनला सांगून टाकलं. गाडी चार दिवस धुळकट दिसते, शेजारी विचारतात, "बाहेरगावी होता का?" तेवढं सोसावं लागतं.

तीच गत मेणाचा हात दिलेल्या त्या लाल सुती धाग्यांच्या डस्टरची. हलकी, काल बसलेली धूळ असेल तर न दाबता वरच्यावर फिरवायला तो चालतो. पण पावसाचे चार थेंब पडून वाळलेली, चिकटलेली धूळ त्याने झटकायला गेलात तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. जुनी बनियन, टर्किश टॉवेल, साडीचा तुकडा ही आपली घराघरातली फडकी तर आणखी वाईट. कच त्यांच्या पृष्ठभागावरच राहतो आणि तसाच ओढला जातो. मायक्रोफायबरच्या लवीत तो निदान आत शिरतो.

गाडीवर सुती कव्हर घालून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने ते हलतं आणि दिवसभर तुमच्या वतीने पुसण्याचं काम करत राहतं.

बादली, शाम्पू आणि क्रम

धुण्याचं तत्त्व साधं आहे: हात लावण्याआधी जेवढी माती पाण्याने जाईल तेवढी घालवायची. नळीचं साधं पाणी वरून खाली सोडा. नळी नसेल तर दोन लिटरचा हाताने पंप मारायचा फोम स्प्रेअर घ्या. फेस चार-पाच मिनिटं राहू द्या, वाळू मात्र देऊ नका, मग पाणी मारा. त्यानंतरच वॉश मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, हातात घ्यायचा.

बादल्या दोन हव्यात, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत नुसतं. एक भाग धुतला की मिट आधी साध्या पाण्यात खळखळून काढायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. धुवायचा क्रम टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा पट्टा, कारण सगळी खडी तिथे उडालेली असते. चाकांसाठी बादली आणि ब्रश वेगळेच ठेवा. ब्रेकची काळी भुकटी म्हणजे बरीचशी लोखंडाची पूड असते. तो ब्रश चुकूनही दाराला लागू नये.

हात गोल फिरवायचा की सरळ, यावर वाद घालणारे बरेच भेटतात. ओरखडे गोल दिसतात ते दिव्यामुळे. ते सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. तरी सरळच फिरवा. सरळ ओरखडा एकाच कोनातून दिसतो, गोल फिरवलेला कुठूनही उभं राहिलं तरी कुठे ना कुठे दिसतोच.

भांड्यांचा लिक्विड साबण आणि कपड्यांची पावडर, दोन्ही नको. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, तो रंगावर लावलेला मेणाचा किंवा सीलंटचा (मेणाऐवजी लावायच्या कृत्रिम लेपाचा) संरक्षक थर घेऊन जातो. पावडर अल्कधर्मी असते, शिवाय नीट विरघळली नाही तर तिचेच कण घासले जातात. गाडीचा शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्यायचा. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, हा आपला जुना गैरसमज. जास्त झालेला शाम्पू दाराच्या फटींत बसतो आणि वाळल्यावर पांढरे ओघळ सोडतो.

पाणीकपातीच्या दिवसांत नळीचं नावही काढू नये. तेव्हा रिन्सलेस वॉशचं, म्हणजे पुसून झाल्यावर पाणी मारावं न लागणारं, द्रावण घ्या. आठ-दहा लिटरच्या एका बादलीत गाडी होते. अट इतकीच की चार-पाच स्वच्छ फडकी हवीत, आणि फडक्याची एक घडी एकदाच वापरायची. गाडी चिखलाने माखलेली असेल तर मात्र हा मार्ग नाही.

पांढरे डाग कुठून येतात

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या. "इतकी छान धुतली आणि उन्हात नेली तर अंगावर कोड आल्यासारखी दिसते." कारण पाणी. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब वाळतो, क्षार मागे राहतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर स्वस्त मिळतं, एकदा घेऊन ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्यायोग्य पाणीही गाडीवर सहज डाग सोडू शकतं. मीटर १०० च्या आसपास किंवा खाली दाखवत असेल तर फारशी काळजी नको.

इथे एक चूक पुण्यापासून नागपूरपर्यंत लोक मोठ्या सद्भावनेने करतात. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी साठवायचं आणि त्याने गाडी धुवायची. पाणी वाचवण्याचा विचार चांगला, पण गाळून निघालेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. नळाच्या पाण्यापेक्षा ते जास्त जड. त्याने चाकं धुवा, पार्किंगची फरशी धुवा, गाडीच्या अंगावर नको.

त्याउलट एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी लोक सोडून देतात. हवेतल्या बाष्पाचंच ते पाणी, क्षार जवळपास नसतातच. दमट हवेत रात्रभरात बादलीचा चांगला भाग भरतो. कापडातून गाळून घ्या आणि धुणं झाल्यावर शेवटचं पाणी म्हणून टपापासून खाली ओता. पावसाचं, पहिल्या सरींनंतर धरलेलं पाणीही तसंच उत्तम.

आता पडलेले डाग. ते ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून फडकं ओलं करा, डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, मग धुऊन शाम्पू लावा. पत्रा थंड हवा आणि गाडी सावलीत हवी. दोनदा करूनही कडा दिसत राहिल्या तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे असं समजा. तिथे व्हिनेगर ओतून उपयोग नाही, पॉलिशच लागतं. काचेवरच्या जुन्या डागांना सेरियम ऑक्साइडची पावडर चालते, पण हाताने घासताना खांदा भरून येतो हे आधीच सांगतो.

बेसमेंट पार्किंगमध्ये छताच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी हा वेगळाच छळ. ते सिमेंटमधला चुना घेऊन येतं आणि बोनेटवर दगडासारखं बसतं. नखाने, ब्लेडने खरवडू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू ठेवा, मऊ झालेला थर टिपून घ्या, धुवा, पुन्हा ठेवा. दोन-तीन फेऱ्या लागतात. आणि कमिटीकडे लेखी तक्रार करा, कारण पुढच्या आठवड्यात थेंब तिथेच पडणार आहे.

चिकटलेल्या वस्तू

पक्ष्यांची शिट दिसली की लोक टिश्यूने पुसतात. तिच्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात, आणि आम्ल रंगाला लागतं ते वेगळंच. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. उन्हाळ्यात हे त्याच दिवशी करायचं. तापलेल्या पत्र्यावर एका दुपारीही खळगा पडू शकतो. वडा-उंबराखाली गाडी लावणाऱ्यांनी ओले टिश्यू डिकीत ठेवलेले बरे.

नव्या रस्त्यावरून आल्यावर दारांखाली डांबराचे काळे ठिपके पडतात. त्याला पेट्रोल लावणं म्हणजे रंगाशी खेळ. रॉकेल निदान रंगावर लगेच डाग पाडत नाही, पण रबराच्या पट्ट्यांना ते चांगलं नाही आणि मागे तेलकट थर सोडतं. टार रिमूव्हर फवारा, दोन मिनिटं थांबा, पुसा, शाम्पूने धुवा.

दसऱ्याची गंमत वेगळी. पूजा झाली, बोनेटवर हळदीचं स्वस्तिक, कुंकू, झेंडूचा हार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते साबणाने घासतं आणि पांढऱ्या गाडीवर हळद लालभडक होते. कपड्यावरच्या हळदीला साबण लागला की काय होतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, गाडी धुताना तेवढं विसरायला होतं. आधी नुसत्या पाण्याने हळद-कुंकू वाहून जाऊ द्या, मग न्यूट्रल, म्हणजे अल्कधर्मी नसलेला, शाम्पू. फिकट पिवळा डाग राहिलाच तर घासू नका, हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो. आणि हाराला तार असेल तर ती आधीच काढून दोरा बांधा. बंपरवरचे अर्धे दसरी ओरखडे त्या तारेचे असतात.

धुतल्यानंतर काहीतरी बिघडलं वाटतंय?

सकाळी गाडी काढली आणि पहिल्या ब्रेकला खरखर आवाज आला, डिस्कवर नारिंगी थर दिसला. ओल्या लोखंडावर रात्रीतून गंज चढला, एवढंच. दोन-चार ब्रेकमध्ये जातो. धुतल्यावर थोडं अंतर सावकाश चालवून हलके ब्रेक मारले तर चढतही नाही. आवाज दोन दिवस राहिला तरच मेकॅनिक.

वायपर थरथरत, कुरकुरत फिरत असेल तर काचेवर मेण गेलं आहे, बहुतेक वेळा वॅक्सवाल्या शाम्पूमुळे. काच आणि वायपरची रबरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आत कुबट वास येत असेल तर सुगंधी डबी टांगण्याआधी मॅट उचलून खालच्या गालिच्यावर तळहात दाबा. ओलं लागलं तर पाणी कुठून आलं ते शोधा. वायपरखालच्या जाळीत पानं अडकून निचरा तुंबलेला असतो, किंवा सनरूफच्या कोपऱ्यातली नळी. पावसाळ्यात गाडी आतून धुण्याचा उत्साह आवरा. व्हॅक्यूम आणि ओलसर फडकं पुरे.

हेडलाइटच्या आत पुसट धुकं दिसलं तर दिवे लावून गाडी चालवा, सहसा जातं. आत थेंब साचून पाणी हलताना दिसत असेल तर सील गेलं. आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासायचा तो उपाय सोडा. चमक येते खरी, पण काचेसारख्या त्या प्लास्टिकवर उरलासुरला संरक्षक थरही जातो आणि ते आणखी लवकर पिवळं पडतं.

डॅशबोर्डला तेलकट पॉलिश लावल्याने दुपारी पुढच्या काचेत त्याचीच चकाकी डोळ्यांवर येते. स्टिअरिंग, पेडल आणि सीटला तर ते कधीच नको. गाडी शोभेची नाही, चालवायची आहे.

पॉलिश आणि कोटिंग

ओरखडे घालवणं म्हणजे क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणणं. ते ४०-५० मायक्रॉन परत भरून येत नाहीत. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश करून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. घरी करायचंच असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या (तिचं पॅड फिरता फिरता डुलतंही), नुसतं गोल फिरणारी रोटरी नको, ती एका जागी रेंगाळली तर रंग जाळते. कडांवर आणि दारांच्या उठावाच्या रेषांवर थर आणखी पातळ असतो, तिथे मशीन नेऊ नका, टेप लावा. सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा आणि एक हातभर जागा करून पाहा.

सिरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे रंगावर लावायच्या कडक पारदर्शक लेपाच्या, डबीवर ९एच लिहिलेलं असतं आणि विकणारा हिऱ्याच्या गोष्टी सांगतो. ते ९एच पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतलं आहे, हिऱ्याच्या मोजपट्टीतलं नाही. कोटिंगने धूळ लवकर सुटते, पाणी झरकन ओघळतं, धुणं सोपं होतं. कोरडं फडकं फिरवलं तर ओरखडे त्याच्यावरही पडतात.

राहिली फडकी. मायक्रोफायबर सुती कपड्यांसोबत धुतलं की त्यांचे तंतू त्यात अडकतात आणि काचेवर येतात. वेगळं धुवा, फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याने पाणी शोषलं जात नाही. इस्त्री तर नाहीच. धुताना जमिनीवर पडलेलं फडकं झटकून परत बोनेटवर नेऊ नका, ते थेट चाकांच्या बादलीत जाऊ द्या.