स्ट्रॅटेजी गेम बेचव झालाय? आधी या चुका टाळा

बरीच वर्षं स्ट्रॅटेजी गेम खेळलेल्यांची एक तक्रार सारखी कानावर येते: "आता मजा नाही राहिली, कॉम्प्युटर डोकंच लावत नाही." कॉम्प्युटरचं डोकं मर्यादित आहे, हे खरंच. पण बहुतेक वेळा गेममधली धाकधूक खेळणाऱ्याने स्वतःच्याच सवयींनी घालवलेली असते. पुढे काय होईल हे माहीत नसणं आणि झालेलं नुकसान भरून न येणं, या दोन गोष्टी काढून टाकल्या की उरते ती नुसती कारकुनी.

शॉट चुकला की रीलोड

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त लोक तीच करतात. २०१२चा 'एक्सकॉम: एनिमी अननोन' घ्या, सैनिकांची तुकडी घेऊन परग्रहवासीयांशी लढायचा गेम. लागण्याची शक्यता ८५ टक्के असलेला शॉट चुकला की लगेच रीलोड, म्हणजे आधीचा सेव्ह उघडून तीच चाल पुन्हा. त्या गेममध्ये पुढचा फासा, म्हणजे शॉट लागणार की चुकणार हे ठरवणारा आकडा, आधीच पडलेला असतो, त्यामुळे रीलोड करून तोच शॉट मारला तर तो पुन्हा चुकतो. मग लोक क्रम बदलतात. आधी दुसऱ्या सैनिकाला गोळी झाडायला लावतात, वाईट आकडा त्याच्या गळ्यात मारतात आणि मग आपला शॉट घेतात. एवढी खटपट करून हाती काय लागतं? सहाच्या सहा सैनिक कर्नल या सर्वांत वरच्या हुद्द्यावर, अंगावर ओरखडा नाही, आणि वर "बोअर झालं" ही तक्रार.

माझ्या मामेभावाने अख्खा गेम असाच संपवला होता. मी त्याला पुन्हा खेळायला बसवलं, पण या वेळी आयर्नमॅन मोडमध्ये. तिथे सेव्ह एकच, आणि तोही गेम स्वतःच करतो. मागे फिरायची सोय नाही. 'एनिमी विदिन' या त्याच्या विस्तारातलं न्यूफाउंडलंडच्या मासेमारी गावाचं मिशन आलं. त्यात बोटीवर एका मेलेल्या व्हेलमध्ये क्रिसालिड या परग्रही किड्यांची पैदास चाललेली असते. हवाई हल्ल्यासाठी बोटीवरून सिग्नल द्यायचा आणि जीव घेऊन विमानाकडे पळायचं, कारण क्रिसालिड मागून येतच राहतात. त्यांनी मारलेला माणूस झॉम्बी होऊन उठतो आणि त्या झॉम्बीतून पुन्हा नवा क्रिसालिड बाहेर पडतो.

भावाने सैनिकांना घरच्यांची नावं दिली होती. त्याचा हुकमी स्नायपर 'तात्या' बोटीजवळच्या छपरावर बसवलेला. पळायची वेळ आली तेव्हा बाकीचे पाच पुढे निघाले, तात्या सगळ्यात मागे, आणि मधल्या वाटेवर दोन क्रिसालिड. पाच जणांना घेऊन निघायचं की कुणाला तरी परत पाठवायचं? माउसवर हात ठेवून तो कितीतरी वेळ नुसता बसून होता. शेवटी त्याने दोघांना परत फिरवलं. तात्या वाचला, 'मावशी' गेली. पहिल्या खेपेला हेच मिशन सहाही जण सुखरूप आणून संपवलं होतं, आणि त्यातलं त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. या खेपेची एकेक चाल तो जेवताना हात वाळेपर्यंत सांगत होता.

मी स्वतः क्लासिक (अवघड पातळी) आणि आयर्नमॅन यापलीकडे काही लावत नाही. एकच सेव्ह बिघडला तर काय, अशी भीती वाटत असेल तर 'ब्रॉन्झमॅन' पाळा: मिशनच्या सुरुवातीला एक सेव्ह, मध्ये एकही नाही, आणि रीस्टार्ट करायचं तर अख्खं मिशन पहिल्यापासून.

कंटाळा आला की डिफिकल्टी चढवायची

शहरं वसवत साम्राज्य उभं करायच्या 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये प्रिन्स या मधल्या पातळीवरून थेट डायटी या सर्वांत अवघड पातळीवर गेलात तरी एआय, म्हणजे कॉम्प्युटर प्रतिस्पर्धी, हुशार होत नाही, त्याला फक्त आयतं जास्त मिळतं. सुरुवातीला तुमचा एक सेटलर (शहर वसवणारं युनिट), त्याचे तीन. लढाईत त्याच्या युनिट्सना +४ ताकद. मग सुरुवातीचे टर्न जीव मुठीत धरून काढायचे, त्यातून तगलो की एआयला मागे टाकायचं, आणि पुढचा सगळा गेम सपाट. शिवाय ते टर्न निभावण्याच्या वाटा दोन-तीनच, त्यामुळे दर वेळी तोच गेम.

मी त्यांच्या मधल्या एम्पररवर किंवा इम्मॉर्टलवर थांबतो आणि बाकीचं अनिश्चित करून टाकतो. नेता रँडम, मॅप 'शफल', म्हणजे जमीन किती आणि समुद्र किती हे फिरून बघेपर्यंत कळत नाही. 'गॅदरिंग स्टॉर्म' हा विस्तार असेल तर आपत्तींची तीव्रता सर्वांत वर, चारवर. मग पूर नदीकाठची शेतं उद्ध्वस्त करतो आणि तीच जमीन सुपीकही करून जातो. पहिलं शहर कुठे वसवायचं याचा खरोखर विचार करावा लागतो. आणि एक पथ्य: डिप्लोमॅटिक फेव्हर (गेममधल्या जागतिक मतदानात वापरायचं चलन) एआयला विकून सोनं उकळायचं नाही. ही पळवाट वापरून मिळालेल्या विजयाला मी विजय मानत नाही.

सुरुवातीची जागा आवडली नाही म्हणून रीस्टार्ट मारत बसू नका. टुंड्रा (थंड, नापीक जमीन) मिळाला तर टुंड्रात खेळा.

वीस मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) एकदम टाकू नका. एक टाका, पूर्ण गेम खेळा, मग दुसरा.

जिंकलेला गेम ओढत नेऊ नका. स्टँडर्ड स्पीडला 'सिव्ह ६' ५०० टर्नपर्यंत चालतो, पण निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. मी मधूनमधून स्वतःला विचारतो, इथून मी हरू कसा शकतो? उत्तर सापडलं नाही की गेम बंद, नवा मॅप.

पाठ केलेली बिल्ड ऑर्डर

नवख्यांची घाई मला इथे सगळ्यात जास्त खटकते. 'एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन' हा ऐतिहासिक युद्धांचा गेम डाउनलोड होत असतानाच व्हिडिओ लावून फास्ट कॅसलचा, म्हणजे झटपट कॅसल युगात पोचायचा, क्रम पाठ करायचा, कितवा व्हिलेजर (कामगार) कुठे पाठवायचा ते. आधी कळस, मग पाया! चाचपडण्यातलं सुख त्यांनी चाखलेलंच नसतं. जुन्यांचं दुखणं वेगळं: ब्लॅक फॉरेस्ट हा दाट जंगलाचा मॅप, दोन ठिकाणी भिंत, आणि इंपीरियल या शेवटच्या युगापर्यंत निवांत.

अरेबिया हा मोकळा मॅप लावा आणि सिव्हिलायझेशन (आपली संस्कृती) रँडम ठेवा. 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार असेल आणि गुर्जर वाट्याला आले तर पाठांतर तिथेच संपतं. त्यांना नाइट (जड घोडेस्वार) नाहीत, आणि मेंढ्या कापण्याऐवजी गिरणीत कोंडून ठेवल्या की त्या अन्न देत राहतात. मग आत्ता कापायच्या की पुढच्यासाठी ठेवायच्या, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. समोर एक्स्ट्रीम एआय ठेवा. डेफिनिटिव्ह एडिशनचा नवा एआय फुकटची सामग्री घेत नाही, त्यामुळे हरलात तर 'चीटिंग करतो' म्हणायची सोय नाही. रेकॉर्ड केलेला गेम उघडून नेमकं कुठे मागे पडलो, ते बघा.