‘गेट’च्या या चुका टाळा

इंग्रजी शब्दकोशात ‘गेट’ (get) हे क्रियापद उघडून बसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. अर्थांची रांग संपत नाही, मग ते घाबरतात आणि ‘सर, महत्त्वाचे दहा सांगा’ म्हणतात. मी सांगत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, म्हणून इंग्रज माणूस काय ते पाठ करून बोलतो? आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते, पोराला नोकरी लागते. फलाटाला गाडी लागते आणि घाटात आपल्याला गाडी लागते. यातलं आपण काय पाठ केलं होतं?

माझी सवय साधी आहे. ‘गेट’वर अंगठा ठेवायचा आणि पुढे काय आलंय ते बघायचं. वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. ‘टायर्ड’, ‘ओल्ड’, ‘डार्क’सारखं विशेषण आलं तर होणं. ‘होम’, ‘टू द स्टेशन’ असं ठिकाण आलं तर पोचणं. एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम भागतं. एका मिनिटात पन्नास उपयोग शिकवणारी रील बघून आलेल्यांना हे फारच थोडं वाटतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्या पन्नासातले त्यांना दोन आठवतात.

आता माझ्या खास रागाची चूक. मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘काल केस कापले’, ‘दिवाळीला ड्रेस शिवला’, ‘घराला रंग दिला’. न्हावी, शिंपी, रंगारी सगळे गायब, आणि तरी कोणाचा गैरसमज होत नाही. हेच इंग्रजीत नेलं, ‘आय कट माय हेअर’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं कात्री तुमच्याच हातात होती.

केसांच्या बाबतीत फार तर हसं होतं. माझ्या एका विद्यार्थ्याचा भोसरीला छोटा कारखाना आहे. परदेशातून घेतलेल्या मशीनची मोटर वॉरंटीत असतानाच बिघडली. मशीनच्या कंपनीच्याच अधिकृत मेकॅनिकनं येऊन ती दुरुस्त केली आणि चार दिवसांत पुन्हा बंद पडली. यानं घाईघाईत कंपनीला मेल टाकला: ‘आय रिपेअर्ड द मोटर ऑन मंडे.’ उत्तर आलं की सील तुम्ही स्वतः उघडलंत, तेव्हा वॉरंटी संपली. तो मेलची प्रिंट घेऊन वर्गात आला. ‘सर, मी तर पान्यालाही हात लावला नव्हता!’ खरं होतं. पण त्याच्या वाक्यात दुसरं कोणीच नव्हतं. मेकॅनिकच्या सहीचा कागद शोधून, स्कॅन करून पाठवला आणि पुढे दोन आठवडे मेलामेली झाली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

वाक्य हवं होतं ‘आय गॉट द मोटर रिपेअर्ड’. मराठीत ‘करून घेतलं’ म्हणता येत असेल तिथे हे वापरा: केस कापून घेतले, मोटर दुरुस्त करून घेतली. फक्त क्रम सांभाळा. वस्तू मधे, क्रियापदाचं तिसरं रूप शेवटी. ‘गॉट रिपेअर्ड द मोटर’ हे अर्धवट शिकलेल्यांचं लाडकं वाक्य आहे, ते नको. आणि मेकॅनिकलाच वाक्यात आणायचं असेल तर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर इट’. ‘मेक’ वापरलं तर तो ‘टू’ जातो. का, ते विचारू नका, तोंडात बसवा.

‘डिड यू गॉट?’ नको. ‘डिड’नं भूतकाळ उचलला, आता ‘गेट’ला मोकळं सोडा. ‘गेट-गॉट-गॉट’ धडाधड म्हणून दाखवणारेच ही चूक जास्त करतात, असा माझा अनुभव आहे.

‘आय ॲम गेटिंग बोअर’ म्हणू नका, ‘बोअर्ड’ म्हणा. ‘बोअर’ म्हणजे दुसऱ्याला पिळणारा माणूस.

‘गेटिंग कोल्ड’ म्हणजे थंडी वाजायला लागली, ‘गेटिंग अ कोल्ड’ म्हणजे सर्दी होतेय. रजेच्या अर्जात हा ‘अ’ गाळू नका.

बसमधून ‘गेट डाऊन’ आपल्याकडे सर्रास चालतं, कंडक्टरलाही कळतं. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. बस, ट्रेन, विमान, जिथे उभं राहून चालता येतं, तिथे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. कारमध्ये वाकून शिरावं लागतं, म्हणून ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’. सायकल, घोडा यांच्यावर बसतो, त्यामुळे तिथे पुन्हा ‘ऑन’. हा नियम व्याकरणाच्या पुस्तकातला नाही, वर्गात उपयोगी पडतो म्हणून सांगतो.

‘गेट’चं तिसरं रूप म्हणून ‘गॉटन’ अमेरिकेत चालतं, ब्रिटनमध्ये सहसा नाही. वेबसिरीज बघून ते एका वाक्यात आणि पुढच्याच वाक्यात ब्रिटिश थाट, अशी खिचडी करू नका.

राहिला ‘गॉट टू’. ‘आय गॉट टू मीट हिम’ म्हणजे मला त्याला भेटायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टू मीट हिम’ म्हणजे भेटायलाच हवं. बोलताना लोक ‘हॅव’ गिळतात, सिनेमात नुसतं ‘गॉटा’ ऐकू येतं, आणि आपली पोरं तेच साहेबांना लिहितात: ‘आय गॉट टू लीव्ह अर्ली.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, मला लवकर निघावंच लागेल. साहेब वाचतात, मला लवकर निघायला मिळालं, आणि विचारतात, परवानगी कोणी दिली? बोलताना गिळा हवं तर. लिहिताना तो ‘हॅव’ पूर्ण लिहा.