फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेखाली पाणी साचते? दुरुस्ती करताना या चुका टाळा

फ्रीज व्यवस्थित थंड होत असूनही भाजीच्या ट्रेखाली पाणी साचू लागले की पहिला संशय गॅसवर येतो, आणि बहुधा चुकीची सुरुवात तिथेच होते. गॅस गळाला तर फ्रीजचा थंडावा कमी होतो; त्यामुळे पाणी साचत नाही. हे पाणी वितळलेल्या बर्फाचे असते. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरच्या मागील आवरणाआड थंड कॉइल असते आणि हवेतील बाष्प तिच्यावर हिमाच्या रूपात गोठते. ठरावीक काळाने एक लहान हीटर ते हिम वितळवतो, ते पाणी खालच्या पन्हळीत पडते, तिथल्या छिद्रातून नळीवाटे फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पोहोचते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने हळूहळू उडून जाते. ही वाट अन्नकणांनी, बुळबुळीत थराने किंवा बर्फाने बंद झाली की पाणी आतच उतरू लागते.

म्हणून काहीही उघडण्यापूर्वी पाणी नेमके कुठे दिसते ते पाहावे. ते आत, तळाशी साचत असेल तर छिद्र किंवा नळी तुंबलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. ते फक्त फ्रीजच्या मागे जमिनीवर येत असेल तर कॉम्प्रेसरजवळचा ट्रे जागेवरून सरकला आहे किंवा त्याला तडा गेला आहे का, हे तपासावे. बर्फ किंवा थंड पाणी देणाऱ्या फ्रीजला नळाची जोडणी असते, तिथे ती जोडणीही पाहावी. काही फ्रीजमध्ये आतील मागच्या भिंतीवर थेंब दिसतात. ते खालच्या छिद्रातून निघून जात असतील तर तो बिघाड समजू नये.

यानंतरची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सुरी, स्क्रू ड्रायव्हर किंवा चमच्याच्या टोकाने बर्फ खरवडणे. बर्फाआड असलेली कॉइल सहसा पातळ ॲल्युमिनियमची असते आणि एका घावातही तिला छिद्र पडू शकते. मग गॅस निघून जातो आणि घरच्या घरी, काही खर्च न करता होणारे काम कॉइल दुरुस्त करण्यावर किंवा बदलण्यावर जाते. शिवाय आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे इथे धोका पैशांपुरता राहत नाही. आपल्या फ्रीजमध्ये कोणता वायू आहे, हे त्याच्या मागील किंवा आतील लेबलवर छापलेले असते आणि ते एकदा वाचून ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बर्फ लवकर वितळावा म्हणून हेअर ड्रायर आत धरणेही टाळावे. साचलेले पाणी आणि विजेचे उपकरण एकत्र येऊ देऊ नये.

योग्य मार्ग वेळ घेणारा आहे, पण अवघड नाही. बटण बंद करून न थांबता प्लग काढावा, आतील पदार्थ दुसरीकडे हलवावेत, तळाशी जुने टॉवेल अंथरावेत आणि दोन्ही दारे उघडी ठेवावीत. बर्फ दाट असेल तर तो पूर्ण वितळायला १२ ते २४ तासही लागू शकतात. त्यानंतर छिद्र सापडले की सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने त्यात कोमट पाणी हळूहळू सोडावे. उकळते पाणी वापरू नये, कारण गार प्लॅस्टिकला अचानक उष्णता लागली तर ते तडकू शकते. अडथळा राहिलाच तर लवचिक प्लॅस्टिकची बारीक नळी अलगद सरकवावी. टोकदार तार मात्र नळी फाडू शकते. छिद्र फ्रीजरच्या आवरणाआड असेल आणि ते आवरण स्क्रू व वायरींनी जोडलेले असेल, तर बर्फ वितळल्यावर पुढचे काम मेकॅनिकवर सोपवलेले बरे.

अनेक जण इथे थांबतात आणि काम झाले की नाही ते तपासतच नाहीत. एक कपभर पाणी छिद्रात ओतून ते मागच्या ट्रेमध्ये पोहोचते का, हे डोळ्यांनी पाहावे. ट्रे बाहेर निघत असल्यास याच वेळी धुऊन नीट जागेवर बसवावा.

दाराचे रबर सैल असेल तर दमट हवा सतत आत शिरते, हिम जास्त धरते आणि पाणीही वाढते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटली तर त्या जागचे रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पुन्हा तपासावे. फ्रीजरमधील हवेच्या जाळ्यांना टेकून पिशव्या ठेवू नयेत.

फ्रीज पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांतच तोच बर्फ आणि तेच पाणी दिसू लागले, तर डीफ्रॉस्ट हीटर, सेन्सर किंवा टायमर बिघडलेला असू शकतो. त्याची तपासणी मीटरने आणि जाणकार माणसानेच करायची असते.