मुलाच्या गेमच्या नादामागचं कारण कसं शोधावं

अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला गेमचा नाद लागला की घरात पहिला प्रश्न येतो तो तासांचा. रोज किती वेळ खेळतो? खरं तर हा नंतरचा प्रश्न आहे. दोन मुलं रोज दोन-दोन तास खेळतात. एकाचं काही बिघडत नाही आणि दुसऱ्याची शाळा कायमची सुटायची वेळ येते. मूल गेममध्ये काय मिळवायला जातं, यावर ते ठरतं. हे न शोधता मोबाइल कपाटात ठेवला, तर मूल मित्राच्या मोबाइलवर खेळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर'ची व्याख्याही तासांवर केलेली नाही. तीन खुणा सांगितल्या आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं. तेही साधारण १२ महिने. लक्षणं फार तीव्र असतील तर त्याहून कमी. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर खेळलेल्या मुलाला लगेच व्यसनी म्हणू नका. तो शब्द मुलाच्या मनात घर करून बसतो.

चौदा दिवसांची वही

एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: खेळ कधी सुरू झाला, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, चेहरा कसा होता, कोणासोबत खेळला, कसा थांबला. मुलाला सांगून लिहा. लपवून लिहिलेली वही सापडली, तर ते पुढे काहीच सांगणार नाही. एक आठवडा पुरत नाही, कारण एखादी चाचणी किंवा घरी आलेले पाहुणे सगळं चित्र बदलतात.

नोंद अशी असावी: "मंगळवार, ५.४०. गणिताच्या क्लासवरून आला. दप्तर टाकलं, बोलला नाही, सरळ मोबाइल. एकटाच खेळला. ७.१५ला हरल्यावर चिडून उठला." इथे 'आळशी', 'ऐकत नाही' असे शेरे नकोत. शेऱ्यांनी वही भरली की हाती काहीच लागत नाही.

वही कशी वाचायची

सगळ्यात आधी दुसरा रकाना उभा वाचा. खेळ पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीनंतर सुरू होत असेल (तोच क्लास, शाळेची तीच बस, आई-बाबांचं भांडण), तर मूल तिथून पळ काढतंय. त्रासदायक भावनांपासून सुटका म्हणून खेळणं हे नाद हाताबाहेर जाण्याशी सर्वांत घट्ट जोडलेलं कारण मानलं जातं, आणि घरात ते सहज नजरेतून सुटतं, कारण खेळताना मूल शांत दिसतं. अशा वेळी गेमचा विषयच काढू नका. "त्या क्लासला तुझ्या शेजारी कोण बसतं?" इतका साधा प्रश्न विचारा आणि उत्तराला दोन-तीन दिवस द्या. बऱ्याचदा चिडवणं, मारहाण किंवा न समजणारा विषय निघतो. तो प्रश्न शाळेत किंवा क्लासमध्ये जाऊन सोडवावा लागतो.

चौथ्या रकान्यात तीच तीन-चार नावं येत असतील, तर गेम म्हणजे त्याचा कट्टा आहे. सोसायटीत बरोबरीची मुलं नसतील किंवा नव्या गावी बदली झाली असेल, तर तो बंद केल्यावर मूल एकटं पडतं. आधी त्या मित्रांना रविवारी घरी बोलवा.

काही मुलांच्या बोलण्यात सतत रँक असते. वर्गात चाळीस टक्के मिळवणारा मुलगा बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये 'क्राउन' या वरच्या रँकला पोहोचला, तर 'मला काहीतरी येतं' हे त्याला दुसरीकडे कुठे कळणार? त्याला ढोलपथक, कबड्डी, सायकल दुरुस्ती असं काहीतरी हवं, ज्यात महिन्याभरात प्रगती दिसते. आणि जे मूल गेमच काय, कुठलीच गोष्ट वेळेवर थांबवू शकत नाही, वस्तू हरवतं, मध्येच बोलतं, त्याची एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) तपासणी करून घ्या.

वेळ कमी करताना

मिळालेल्या कारणावर किमान दोन आठवडे काम करा, मगच वेळेला हात लावा. मर्यादा मिनिटांत न ठेवता मॅचमध्ये ठेवा. "आई, पाच मिनिटं, मॅच संपू दे" हे खोटं नसतं. ऑनलाइन मॅचला पॉज नसतो. मध्येच सोडली तर रँक घसरते आणि स्क्वॉडमधली मुलं शिव्या घालतात. बीजीएमआयची क्लासिक मॅच साधारण अर्ध्या तासाची, म्हणून जेवण ८.३०ला असेल तर ७.५०नंतर नवी मॅच नाही. दर आठवड्याला रोजच्या मॅचमधली एक कमी करा. झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल आणि चार्जर दोन्ही बैठकीच्या खोलीत ठेवा. तेरा वर्षांपुढच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, त्याहून लहानांना ९ ते १२.

पहिले काही दिवस चिडचिड होणारच. तिसऱ्या दिवशी थयथयाटाला कंटाळून मोबाइल दिला, की सगळं फसतं. गेममधल्या पेटीतून बक्षीस कधी निघतं, कधी नाही. या अनिश्चिततेमुळेच ती पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटते. कधी नाही म्हणणारे आणि कधी देणारे पालक नकळत तीच पेटी होतात. आजी-आजोबांनाही नियम आधीच सांगून ठेवा.

शाळा बुडणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, यूपीआयवरून चोरून पैसे जाणं, अंगावर धावून येणं यांपैकी काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मूल मरण्याची भाषा बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस, १४४१६, ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४पासून 'शट क्लिनिक' चालतं. कुठेही गेलात तरी वही सोबत न्या. "सारखा खेळतो" एवढंच सांगण्यापेक्षा डॉक्टरांना त्या चौदा पानांतून कितीतरी जास्त कळतं.