मुख्य पॅराशूट शिखरावरच उघडत होतं, ते असं थांबवलं

४ इंच व्यासाचं रॉकेट. मुख्य पॅराशूट उतरताना २०० मीटरवर उघडायला हवं, पण दर वेळी उड्डाणाच्या शिखरावरच ड्रोगच्या (तिथे आधी उघडणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) मागोमाग बाहेर! वाऱ्याबरोबर गेलेलं रॉकेट शोधत दोन शनिवार-रविवार नुसती पायपीट.

अल्टिमीटर (उंची मोजून पॅराशूटचे चार्ज उडवणारं उपकरण) बदलून पाहिला. नोज कोन (रॉकेटचं टोक) मास्किंग टेपने घट्ट केला. फरक नाही. मग अल्टिमीटरची नोंद उघडली (ती आधीच बघायला हवी होती): मुख्य चार्ज (मुख्य पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू) २०० मीटरलाच उडाला होता. म्हणजे ड्रोगच्या हिसक्यानेच कोन सुटत होता.

आधी मुख्य पॅराशूटच्या कप्प्याला ३ मिमीचं भोक पाडलं. वर गेल्यावर आत कोंडलेली हवाही कोनाला ढकलते. मग कोन बसवून नळी आणि कोनाच्या खांद्यातून (नळीत बसणाऱ्या भागातून) एकदमच, १२० अंशांवर, १.८ मिमीची तीन भोकं. त्यांत २-५६ मापाचे नायलॉन स्क्रू, शिअर पिन म्हणून, म्हणजे हिसक्याला टिकणाऱ्या पण चार्जच्या जोराने तुटणाऱ्या पिना. धातूचे अजिबात नकोत. ड्रोगच्या शॉक कॉर्डच्या (त्याला रॉकेटशी जोडणाऱ्या दोरीच्या) घड्या टेपने बांधल्या. एकेक फाटताना हिसका मुरतो.

शेवटी जमिनीवर चाचणी, मोटर काढून, लांबून. दीड ग्रॅम ब्लॅक पावडरने पिना नुसत्या वाकल्या, दोन ग्रॅमने कटकन तुटल्या. पुढची तिन्ही उड्डाणं बरोबर २०० मीटरवर. पिना दर वेळी नव्या.