लॅपटॉपचा मॉडेल नंबर वाचताना या चुका टाळा

सेल लागला की नात्यातलं कोणीतरी फोन करतंच. “दादा, आय७ आहे, घेऊन टाकू?” आय७ म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, लॅपटॉपच्या मेंदूचं नाव. माझं उत्तर ठरलेलं: “त्याच्या पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर वाच.” पलीकडे शांतता.

शेवटचं अक्षर सोडून देणं खिशाला सगळ्यात जास्त लागतं. आय७-१२५५यू आणि आय५-१२५००एच, दोन्ही इंटेलच्या १२व्या पिढीचे. ‘यू’ १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, म्हणजे कमी वीज खाणारा; ‘एच’ ४५ वॉटच्या. त्या आय७मध्ये दमदार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) २, आय५मध्ये ४; छोटे कोअर दोन्हींत ८. व्हिडिओ एक्स्पोर्टसारख्या लांबलेल्या कामात हा आय५ त्या आय७ला मागे टाकतो. कॉलेजात दिवसभर चार्जरविना काढायचा असेल, तर मात्र यूच बरा.

दुसरी चूक, मोठा आकडा म्हणजे नवा माल असं धरून चालणं. इंटेलची स्पर्धक एएमडीने २०२३च्या लॅपटॉप प्रोसेसरांना जी नावं दिली, त्यांत पहिला आकडा वर्षाचा आणि आतली रचना सांगणारा तिसरा. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू ही सख्खी भावंडं वाटतात. पण ७५२०यू झेन २वर चालतो (‘झेन’ हे एएमडीच्या आतल्या रचनेचं नाव), म्हणजे २०१९ साली बाजारात आलेल्या रचनेवर, आणि त्याला कोअर ४च. ७५३०यू झेन ३, ७५४०यू झेन ४. दोघांना ६ कोअर. आदल्या वर्षीचा ५६२५यूसुद्धा झेन ३, ६ कोअरचा. आकडा लहान, पण ७५२०यूपेक्षा सरस! शिवाय ७५२०यूसोबतची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. ‘आत्ता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा बेत तिथेच बारगळतो.

इंटेलनेही २०२३च्या अखेरीस नव्या प्रोसेसरांच्या नावातला ‘आय’ काढून टाकला. ‘कोअर अल्ट्रा ७’ आणि नुसता ‘कोअर ७’ वेगळे; कोअर ७ १५०यूमध्ये आधीच्याच पिढीची रचना आहे.

ग्राफिक्सचं थोडक्यात: आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ ते ११५ वॉट कितीवरही चालवतात. नाव तेच राहतं, वेग नाही. वॉट विचारा.

लॅपटॉपच्या स्वतःच्या नावातही खुणा असतात. डेल इन्स्पिरॉन ३५२० इंटेलचा, ३५२५ एएमडीचा. एचपीच्या कोडाशेवटी टीयू, टीएक्स असेल तर इंटेल. एयू, एएक्स असेल तर एएमडी. ‘एक्स’ असला की वेगळं ग्राफिक्स कार्ड. लेनोव्होच्या १५एएमएन८मध्ये १५ इंच, ए म्हणजे एएमडी आणि एमएन म्हणजे मेंडोसिनो, अर्थात वरच्या ७५२०यूचं झेन २वालं कुटुंब.

आणि बॅटरी मागवताना ‘आयडियापॅड स्लिम ३ची द्या’ म्हणू नका. एकाच नावाखाली कितीतरी वेगळ्या मशीन विकल्या जातात. तळाचं स्टिकर पुसलं असेल तर विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘सिस्टीम मॉडेल’ पाहा. तरीही शंका वाटली तर मागचं झाकण उघडून जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर दुकानदाराला फोटो काढून पाठवा.